पदकांचा धनी कोण? हांगझोऊची स्पर्धा आणि कर्मफलाचा प्रश्न

चीनमधील हांगझोऊ येथे २३ सप्टेंबर ते ८ ऑक्टोबर २०२३ या काळात झालेल्या एकोणिसाव्या आशियाई क्रीडास्पर्धेच्या समारोपाच्या दिवशी भारताच्या नावावर २८ सुवर्ण, ३८ रौप्य आणि ४१ कांस्य अशी एकूण १०७ पदके नोंदली गेली, तालिकेत चीन, जपान आणि दक्षिण कोरिया यांच्या खालोखाल चौथे स्थान मिळाले आणि या स्पर्धेत भारताने प्रथमच पदकांची शंभरी ओलांडली. माहिती म्हणून हे विधान पुरेसे आहे; परंतु त्यातील कर्माचा कर्ता कोण आणि त्याचे फळ कोणाच्या पदरात पडले, असे विचारले की भारतीय तत्त्वचिंतनातील एक जुना प्रश्न नव्या रूपात समोर उभा राहतो. धावल्या त्या व्यक्ती, नेम धरला तो व्यक्तींनी आणि पदके गळ्यात पडली तीही व्यक्तींच्याच. तालिकेत नाव लागले ते मात्र देशाचे, आणि आनंद साजरा केला तो ज्यांनी त्यातले काहीच केले नव्हते अशा कोट्यवधी लोकांनी. ऑलिंपिक चळवळीच्या सनदेनुसार ऑलिंपिकमधील स्पर्धा खेळाडूंमध्ये आणि संघांमध्ये होत असतात, देशांमध्ये होत नाहीत. तरीही देशवार तालिकेचा मोह ऑलिंपिकला टाळता आला नाही, तसा आशियाई स्पर्धेलाही टाळता आलेला नाही. हा मोह केवळ भाबडेपणा आहे, की एकाच्या कर्मफलावर दुसऱ्याचा हक्क सांगण्याला काही तात्त्विक आधार आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

चार्वाकमत वगळता बहुतेक भारतीय दर्शनांनी कर्मसिद्धान्त कोणत्या ना कोणत्या स्वरूपात मान्य केला आहे, आणि जो कर्ता तोच भोक्ता, म्हणजे ज्याने कर्म केले त्यानेच त्याचे फळ भोगावे, हा त्या सिद्धान्ताचा कणा आहे. या नियमाचा भंग झाला तर दोन दोष उद्भवतात असे शास्त्रकार सांगतात. केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळता ते कर्म वाया जाणे, हा ‘कृतनाश’. आणि जे केलेच नाही त्याचे फळ पुढ्यात येऊन पडणे, हा ‘अकृताभ्यागम’. बौद्धांच्या क्षणिकवादावर आक्षेप घेताना विरोधकांनी हीच जोडी पुढे केली, कारण कर्ता जर क्षणात लोपत असेल तर कर्म एकाने करायचे आणि फळ दुसऱ्याने भोगायचे असा प्रसंग ओढवेल, असे त्यांचे म्हणणे होते. या कसोटीवर पदकतालिका घासून पाहिली तर तिच्यात दोन्ही दोष ठळकपणे दिसतात: आयुष्यात एकदाही शर्यतीच्या रेषेवर उभी न राहिलेली व्यक्ती ‘आपण जिंकलो’ असे म्हणते, तेव्हा तो अकृताभ्यागम होय, आणि वर्षानुवर्षे सराव करून चौथा आलेला खेळाडू त्या तालिकेत कोठेच उमटत नाही, तेव्हा त्याच्या वाट्याला कृतनाश येतो.

हांगझोऊच्या निकालांत तर हे दोष राष्ट्र आणि व्यक्ती यांच्या संबंधापुरते मर्यादित न राहता थेट मैदानावरच अवतरले. पुरुषांच्या क्रिकेटच्या अंतिम सामन्यात ७ ऑक्टोबर रोजी अफगाणिस्तानने १८.२ षटकांत ५ बाद ११२ धावा केल्या असताना पाऊस आला, खेळ पुन्हा सुरू होऊ शकला नाही आणि वरच्या मानांकनाच्या आधारे सुवर्णपदक भारताला देण्यात आले. पुण्याच्या ऋतुराज गायकवाडच्या नेतृत्वाखालील त्या संघाला अंतिम सामन्यात फलंदाजीला उतरण्याची वेळच आली नाही. महिलांच्या १०० मीटर अडथळा शर्यतीत चीनच्या धावपटूने बंदुकीच्या आवाजाआधीच सुरुवात केली, वादानंतर तिला धावू देण्यात आले आणि शर्यतीनंतर ती अपात्र ठरल्यामुळे तिसऱ्या आलेल्या ज्योती याराजीचे कांस्य रौप्यात बदलले. त्याआधीच्या, म्हणजे २०१८ च्या जकार्ता येथील स्पर्धेत चार बाय चारशे मीटर मिश्र रिलेमध्ये भारत दुसरा आला होता. पुढे विजेत्या बहारीनच्या संघातील एक धावपटू उत्तेजक द्रव्य घेतल्याबद्दल दोषी ठरली आणि सुमारे दोन वर्षांनी ते सुवर्ण भारताकडे आले. अरुणाचल प्रदेशातील तीन महिला वुशू खेळाडूंना तर चीनच्या प्रवेशविषयक अडवणुकीमुळे हांगझोऊला पोहोचताच आले नाही, आणि त्यांचे कर्म फळाच्या दारापर्यंतही गेले नाही.

येथे एक भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. कर्मसिद्धान्तातील फळ अनेक जन्मांच्या विस्तारात परिपक्व होते असे मानले जाते, तर खेळातील निकाल हा माणसांनी ठरवलेल्या नियमांनी, ठरावीक दिवशी आणि ठरावीक पंचांच्या साक्षीने दिलेला निवाडा असतो. त्यामुळे पावसाने अफगाणिस्तानवर अन्याय केला असे म्हणणे जितके व्यर्थ, तितकेच भारतीय संघाला त्याच्या पूर्वपुण्याईचे फळ मिळाले असे म्हणणेही व्यर्थ आहे. खेळाच्या निकालाला नैतिक फळाचा दर्जा देता येत नाही. परंतु निकाल नैतिक नसला तरी त्यावर सांगितला जाणारा हक्क नैतिक असू शकतो, कारण हक्क सांगणारा आपण त्या कर्माशी कोणत्या नात्याने बांधलेले आहोत याविषयी काही दावा करत असतो. त्या दाव्याची परीक्षा करता येते, आणि ती करण्याचे साधनही परंपरेत उपलब्ध आहे.

पहिले आणि सर्वांत सोपे उत्तर असे की पदक केवळ खेळाडूचे आहे आणि राष्ट्राचा दावा ही एक निरुपद्रवी भ्रांती आहे. हे उत्तर नीटस असले तरी टिकाऊ नाही. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, म्हणजे कर्म जेथे घडते तो आधार, कर्ता, करण, म्हणजे साधने, विविध चेष्टा, म्हणजे व्यापार, आणि पाचवे दैव, म्हणजे माणसाच्या हाती नसलेला अंश. या पाचांचा विचार न करता जो स्वतःलाच एकमेव कर्ता समजतो त्याची दृष्टी अपुरी आहे, असे तेथे प्रतिपादन आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावच्या अविनाश साबळेने हांगझोऊत ३००० मीटर स्टीपलचेस ही अडथळ्यांची आणि पाण्याच्या खड्ड्याची शर्यत ८ मिनिटे १९.५० सेकंदांत जिंकली, तेव्हा धावणारे पाय निःसंशय त्याचेच होते. परंतु लष्करातील नोकरीने दिलेले स्थैर्य, प्रशिक्षक, सरावाची मैदाने आणि शर्यतींची संधी ही अधिष्ठान आणि करण या सदरांत मोडणारी कारणे वजा केली तर त्याच वेगाचा तो धावपटू त्या रेषेवर उभा राहिला असता, असे म्हणता येत नाही. शिवाय आशियाई स्पर्धेत कोणीही स्वतःच्या नावाने प्रवेश घेऊ शकत नाही. राष्ट्रीय ऑलिंपिक समितीने पाठवल्याशिवाय तेथे खेळण्याचा अधिकारच उत्पन्न होत नाही. त्यामुळे खेळाडूच्या कर्मात राष्ट्र मुळातच शिरलेले असते, आणि पदक केवळ व्यक्तीचे म्हणणे हे कारणसामग्रीतील चार घटक डोळ्याआड करणे ठरते.

दुसरे उत्तर पूर्वमीमांसेच्या, म्हणजे वैदिक यज्ञकर्माचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राच्या, आधाराने मांडता येते. सोमयागात मंत्र म्हणणारे, आहुती देणारे, सोम कुटणारे असे सोळा ऋत्विज राबत असतात, परंतु स्वर्गादी फळ मिळते ते त्यांना नव्हे, तर यजमानाला. यजमान म्हणजे ज्याच्या संकल्पाने, ज्याच्या द्रव्याने आणि ज्याच्यासाठी यज्ञ होतो ती व्यक्ती. हात ऋत्विजांचे आणि फळ यजमानाचे, हा उघड अकृताभ्यागम नव्हे काय, या शंकेला मीमांसकांचे उत्तर ‘परिक्रय’ या कल्पनेत आहे: दक्षिणा देऊन यजमानाने ऋत्विजांचे व्यापार रीतसर आपलेसे केलेले असतात, त्यामुळे त्या कर्माचा प्रयोजक, म्हणजे करवून घेणारा या नात्याने, तोच त्याचा खरा कर्ता ठरतो. या चौकटीत राष्ट्र यजमान आणि खेळाडू ऋत्विज असे मानले तर तालिकेतील देशाच्या नावाला एक सुसंगत अर्थ प्राप्त होतो, आणि काही विचित्र वाटणारे प्रसंगही उलगडतात. जकार्ता येथे २०१८ मध्ये महिला कबड्डीच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असे हरवले तेव्हा इराणच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या. विद्या येथील, फळ तेथील, अशी ही गोष्ट मीमांसेच्या दृष्टीने मुळीच चमत्कारिक नाही, कारण संकल्प आणि परिक्रय इराणचा होता. आफ्रिकेत जन्मलेल्या धावपटूंना नागरिकत्व देऊन उतरवणाऱ्या बहारीनचे धोरण तर परिक्रयाचे जवळजवळ शब्दशः उदाहरण ठरते.

मात्र ही चौकट स्वीकारली की तिच्या अटीही स्वीकाराव्या लागतात, आणि राष्ट्राचा दावा नेमका येथेच अडचणीत येतो. यजमान हा केवळ पैसे मोजणारा धनिक नसतो. तो दीक्षा घेतो, व्रते पाळतो, उपवास करतो, आणि यज्ञात काही न्यून राहिले तर प्रायश्चित्ताची व्यवस्थाही त्यालाच करावी लागते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दक्षिणेचा काळ आणि तिचे प्रमाण. ज्योतिष्टोमासारख्या सोमयागात दक्षिणा दिली जाते ती माध्यंदिन सवनात, म्हणजे दुपारच्या सोमरस काढण्याच्या वेळी, यज्ञ पुरा होण्याच्या आधी. आणि ऋत्विजांमध्ये तिची वाटणी असमान असली तरी ती ज्याच्या त्याच्या कामाच्या दर्जानुसार ठरलेली असते. फळ दिसल्यावर, फळाच्या मोजमापाने दक्षिणा देण्याची कल्पना या शास्त्रात बसतच नाही, कारण दक्षिणा कर्मासाठी असते, फळासाठी नसते.

याच्याशी राष्ट्राचे प्रत्यक्ष वर्तन ताडून पाहिले तर विसंगती ठळक होते. भारतातील अनेक राज्यांत बक्षिसाची रक्कम पदकाच्या रंगावरून ठरते, सुवर्णाला सर्वाधिक, कांस्याला त्याहून कमी, आणि चौथ्या स्थानाला बहुधा काहीच नाही. तीही निकालानंतर, सत्काराच्या व्यासपीठावरून. येथे राष्ट्र यजमान राहत नाही. तयार झालेले फळ बाजारात पाहून, त्याचा भाव करून ते विकत घेणारा ग्राहक होते. ग्राहकाला मालकी मिळत असेल, परंतु कर्तृत्व मिळत नाही, कारण परिक्रय हा कर्माचा असतो आणि येथे खरेदी झालेली असते फळाची. सर्वच व्यवस्था अशी आहे असे मात्र म्हणता येणार नाही. केंद्र सरकारच्या २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘टार्गेट ऑलिंपिक पोडियम’ योजनेत निवडलेल्या खेळाडूंचा प्रशिक्षणाचा आणि परदेशी सरावाचा खर्च उचलला जातो, त्याखेरीज मुख्य गटातील खेळाडूला दरमहा ५० हजार रुपयांचा भत्ता मिळतो, आणि हा खर्च निकालाच्या आधी होत असल्याने तो खऱ्या अर्थाने दक्षिणेच्या जवळ जातो. तरीही त्या योजनेच्या नावातच पदकाचे व्यासपीठ आहे. निवड होते ती पदकाच्या शक्यतेवरून, आणि ज्याच्यात शक्यता आहे असे अजून कोणाला दिसलेले नाही त्या मुलासाठी गावात मैदान आहे की नाही, हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो.

यजमान आणि ऋत्विज यांचे हे प्रतिमान आणखीही एका ठिकाणी कमी पडते. यजमानाला ऋत्विजांच्या सुखदुःखाशी कर्तव्य नसते, आणि पदकांची बेरीज करणाऱ्या राष्ट्रालाही नसते. नागपूरचा ओजस देवतळे हांगझोऊत कंपाउंड प्रकारच्या, म्हणजे चाकांच्या यंत्रणेने ताण पेलणाऱ्या धनुष्याच्या, तिरंदाजीत तीन सुवर्णपदके जिंकला. त्यातील वैयक्तिक पदकासाठी त्याने अंतिम फेरीत १४९-१४७ असे हरवले ते अभिषेक वर्मा या भारतीयालाच. देशाच्या खात्यात एक सुवर्ण आणि एक रौप्य ही जमा कोणीही जिंकला असता तरी तीच राहिली असती, परंतु त्या दोन गुणांच्या अंतराने एकाला जे मिळाले ते दुसऱ्याला मिळाले नाही. राष्ट्राच्या गणितात हा फरक शून्य आणि खेळाडूच्या आयुष्यात तो सर्वस्व; यावरून फळाचे दोन पातळ्यांवरील भोक्ते एकच नाहीत हे स्पष्ट होते.

मीमांसेतच याला एक पर्याय सुचवणारा यज्ञप्रकार आहे. ‘सत्र’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, बारा किंवा त्याहून अधिक दिवस चालणाऱ्या यागात वेगळा यजमान नसतो. सतरा ते चोवीस जण एकत्र येतात, तेच ऋत्विजांची कामे वाटून घेतात आणि तेच सर्व यजमानही असतात. कोणी कोणाला विकत घेतलेले नसल्यामुळे तेथे दक्षिणा नसते, आणि फळाविषयी मीमांसकांचा निर्णय असा की ते सहभागींमध्ये तुकड्या-तुकड्यांनी वाटले जात नाही, तर प्रत्येकाला संपूर्ण मिळते. सांघिक खेळाची याहून नेमकी मीमांसा क्वचितच सापडेल. हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताने जपानवर ५-१ असा विजय मिळवला तेव्हा सुवर्णपदकाचा अंश गोल करणाऱ्यांना अधिक आणि बचाव करणाऱ्यांना कमी असा वाटला गेला नाही. तालिकेत एकच धरले जाणारे ते पदक संघातील प्रत्येकाला पूर्णच मिळाले.

राष्ट्रालाही अशा सत्राचे रूप देता येईल काय, हा यापुढचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हे नोंदवले पाहिजे की मीमांसेच्या अधिकारचर्चेने, म्हणजे यज्ञाला पात्र कोण या विवेचनाने, शूद्रांना यज्ञातून वगळले होते आणि स्त्रियांचा अधिकार पतीच्या सोबतीपुरता मानला होता; ती सामाजिक मर्यादा आज त्याज्य आहे, आणि हांगझोऊत पदके मिळवणाऱ्यांमध्ये याच वंचित थरांतील खेळाडू आणि स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, हेच तिचे पुरेसे खंडन आहे. चौकट घ्यावयाची ती तिच्या तर्कासाठी. त्या तर्काप्रमाणे सत्रात भागीदार होण्याची अट एकच आहे: कर्मात स्वतःचा वाटा उचलणे. शाळेच्या मैदानावर बांधकाम होऊ न देणारा नगरसेवक, मुलीला तालमीत पाठवणारे घर, सुटीच्या दिवशी विनामोबदला शिट्टी घेऊन उभा राहणारा क्रीडाशिक्षक आणि कर भरताना क्रीडाखर्चाला उधळपट्टी न म्हणणारा नागरिक हे आपापल्या परीने सत्रातील ऋत्विज आहेत, आणि ‘आपण जिंकलो’ हे वाक्य त्यांच्या तोंडी अकृताभ्यागम ठरत नाही. केवळ पडद्यासमोर बसून जल्लोष करणाऱ्याचा आनंद खोटा नाही. परंतु तो प्रेक्षकाचा रसास्वाद आहे, फळावरचा हक्क नव्हे, आणि या दोहोंची गल्लत करणे हेच क्रीडाराष्ट्रवादाचे मूळ दूषण आहे.

यावर निष्काम कर्माच्या अंगाने एक आक्षेप घेतला जाईल: फळाची आशा सोडण्याची शिकवण देणाऱ्या परंपरेने फळाचा धनी शोधत बसणे हेच विसंगत नव्हे काय? लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त फलाशेचा त्याग म्हणजे कर्माचा त्याग नव्हे आणि निर्हेतुक वागणेही नव्हे, हे आग्रहाने मांडले आहे, ज्ञानी पुरुषानेही लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाच्या धारणेसाठी, कर्म केलेच पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. खेळाच्या संदर्भात हा विचार मीमांसेच्या आणखी एका भेदाने अधिक स्पष्ट होतो. यज्ञातील जी गोष्ट यज्ञ पूर्ण होण्यासाठी लागते ती ‘क्रत्वर्थ’ आणि जी करणाऱ्याच्या इच्छित हितासाठी असते ती ‘पुरुषार्थ’. जिंकण्याचा प्रयत्न हा शर्यतीचा क्रत्वर्थ आहे, कारण जो जिंकण्यासाठी धावत नाही तो शर्यतच धावत नाही, आणि त्या प्रयत्नाचा त्याग केल्यास कर्मच भंगते. पदक, बक्षीस आणि तालिकेतील क्रमांक हे मात्र पुरुषार्थ आहेत, आणि आसक्ती सोडावयाची ती त्यांची. निष्कामतेचा उपदेश खेळाडूला वारंवार केला जातो, परंतु या भेदाच्या प्रकाशात तो खेळाडूपेक्षा राष्ट्राला अधिक लागू पडतो, कारण क्रत्वर्थ प्रयत्न खेळाडूच्या हाती असतो, तर पुरुषार्थाची हाव प्रामुख्याने तालिका वाचणाऱ्यांची असते.

आशियाई स्पर्धांच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले तर आकड्यांचा अर्थ बदलतो. नवी दिल्ली येथे मार्च १९५१ मध्ये झालेल्या पहिल्या स्पर्धेत अकरा देशांमध्ये भारताने १५ सुवर्णांसह ५१ पदके मिळवून जपाननंतर दुसरे स्थान घेतले. सोलच्या १९८६ च्या स्पर्धेतील भारताच्या पाच सुवर्णांपैकी चार पी. टी. उषा हिच्या धावण्यातून आली, त्यांपैकी एक रिले संघासमवेत. बीजिंगमध्ये १९९० साली अवघे एक सुवर्ण मिळाले, आणि तेही त्याच वर्षी स्पर्धेत दाखल झालेल्या कबड्डीचे. या चढउतारांत राष्ट्राचे तेज वाढले किंवा घटले असे वाचण्याची सवय आहे. परंतु प्रयोजक या नात्याने राष्ट्राने किती वाटा उचलला, याचा तो अप्रत्यक्ष आणि अपुरा दाखला आहे, असे वाचणे अधिक सयुक्तिक होईल. अप्रत्यक्ष यासाठी की एखादी असामान्य धावपटू व्यवस्थेच्या उणिवा झाकून टाकते, आणि अपुरा यासाठी की पाचवे कारण, दैव, पावसाच्या किंवा मानांकनाच्या रूपाने कधीही आकडा हलवू शकते.

तेव्हा १०७ पदकांचा धनी कोण, या प्रश्नाचे उत्तर दोन पातळ्यांवर द्यावे लागते. पराक्रम म्हणून ती त्या त्या खेळाडूंची आहेत आणि त्या पातळीवर त्यांना वाटेकरी नाही. कारणसामग्रीच्या पातळीवर राष्ट्र त्यांवर हक्क सांगू शकते, परंतु तो हक्क जन्माने किंवा नागरिकत्वाने मिळत नाही. निकालाआधी जे दिले गेले त्याच्या प्रमाणात तो सिद्ध होतो. याचा एक तार्किक परिणाम अटळ आहे. निकालाआधीचे देणे पदक मिळवणाऱ्यांना आणि न मिळवणाऱ्यांना सारखेच दिलेले असते, कारण त्या वेळी कोण जिंकणार हे ठरलेले नसते. म्हणून जे राष्ट्र पदकविजेत्यांना आपले म्हणते त्याने सातव्या आलेल्या धावपटूला, पहिल्याच फेरीत हरलेल्या मल्लाला आणि विमानतळापलीकडे जाऊ न शकलेल्या तीन वुशू खेळाडूंनाही त्याच न्यायाने आपले म्हटले पाहिजे. त्यांचा खर्च, त्यांची दुखापत आणि त्यांचे निवृत्तीनंतरचे आयुष्य ज्या हिशेबात धरलेले नाही, त्या हिशेबातील पदकांवर राष्ट्राचा दावा परिक्रयाच्या नियमानेही टिकत नाही आणि सत्राच्या नियमानेही टिकत नाही.